एक परशू, नऊ मालक

स्टेनीबर्न गावात परशू एकच होता, पण राजाच्या दप्तरी त्याची नोंद नऊ वेळा झाली होती. यात गावात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटायचं ते शेजारच्या ब्लेकहिलच्या लोकांचं, कारण ते लोक खरं बोलत.

राजाचा हुकूम असा, की सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक गड्यानं वर्षातून चार वेळा चर्चच्या माळावर यायचं आणि आपलं हत्यार दाखवायचं. ज्याला धनुष्य जमतं त्यानं धनुष्य आणायचं, ज्याला जमत नाही त्यानं परशू. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याचा एक मेंढा जप्त. स्टेनीबर्नमध्ये धनुष्य कुणालाच जमत नव्हतं. जमतं असं म्हणणंच धोक्याचं, कारण मग बाण मारून दाखवावा लागे. परशूचं तसं नाही. तो खांद्यावर टाकून छाती पुढे काढली की काम भागतं. ब्लेकहिलचे लोक दर पाहणीला गवताची दाताळी घेऊन येत, खाली मान घालून मेंढे देत आणि घरी जात. स्टेनीबर्नचे लोक भिंतीवर बसून त्यांना हसत.

परशू जोनेटचा होता. तिचा पहिला नवरा रँकिन तो घेऊन लढाईला गेला होता. परत आला तो परशू, रँकिन नाही. माणसापेक्षा उंच, अ‍ॅशच्या चिवट लाकडाचा दांडा, त्याला दोन ठिकाणी जखडलेलं लांब वाकडं पातं आणि पात्याच्या पाठीला बोटाएवढा आकडा. जायच्या आधी रँकिन तो कुंपणाच्या खांबावर चालवून बघायचा आणि जोनेटला समोर उभी करून शिकवायचा. जणू तीच जाणार होती.

"स्वाराच्या छातीवर कधी मारायचं नाही," तो सांगे. "तिथं लोखंड असतं. आपलेच हात बधिर होतात. आधी लगाम तोडायचा. मग हा आकडा त्याच्या मानेपाशी कशात तरी अडकवायचा आणि सगळं अंग मागं टाकायचं. खाली आला की वरून एकच घाव. पातं रुतलं तर पाय ठेवून ओढायचं."

"आणि बाजूला कुणी असलं तर?"

"कुणी नसतंच. परशू फिरवणाऱ्यापासून आपली माणसंसुद्धा चार हात लांब उभी राहतात. नाहीतर कुणाचा तरी कान जायचा."

"मग तुझ्या मदतीला कोण येणार?"

"कुणी नाही," रँकिन म्हणाला होता, आणि तेही मोठ्या ऐटीत.

तो गेल्यावर पहिल्याच पाहणीच्या आदल्या दिवशी हॉब दारात आला. हॉब म्हणजे गावातला बोलका माणूस. गावाचा कारभारी त्याला कुणी नेमलेलं नव्हतं, पण तसं त्याला सांगायलाही कुणी गेलं नव्हतं.

"जोनेटवहिनी, परशू नुसता पडूनच आहे ना घरात?"

"पडून आहे. तुला काय करायचंय?"

"काही नाही गं. उद्या जरा खांद्यावर घेईन म्हणतो. चुलीत जाळायला दिवसभर दलदलीतली पीट कापून देतो बदल्यात."

हॉबचं पाहून कुडी आला, कुडीचं पाहून त्याचा मेव्हणा. वर्षभरात आठ जण झाले. पाहणी चर्चच्या पुढच्या माळावर व्हायची आणि मागच्या बाजूला, थडग्यांच्या भिंतीआड, जोनेट टोपली घेऊन बसायची. टोपलीत मेंढीची चरबी, काजळी, विटेची पूड, निळं सूत, चामड्याच्या पट्ट्या. एकाचं नाव पुकारलं की तो परशू घेऊन पुढे जाई, पाद्रीबाबांच्या हातातल्या ग्रंथावर हात ठेवून "हे हत्यार माझं, माझ्या स्वतःच्या मालकीचं" अशी शपथ घेई आणि प्रार्थनेला म्हणून चर्चला वळसा घालून मागे येई. तेवढ्यात पुढचं नाव खोकत-खाकरत, बुटाची गाठ बांधत, जरा उशिराच उठे. जोनेट झरझर हात चालवायची. हॉबचा परशू तेलकट आणि तुकतुकीत, कुडीचा गंजका, मेव्हण्याच्या दांड्याला निळं सूत. आठ माणसं, आठ परशू, आणि एकमेकांशी साम्य म्हणाल तर औषधाला नाही. पाद्रीबाबा ग्रंथ पुढे धरून आभाळाकडे बघत. त्यांच्या चर्चची पीटसुद्धा याच आठ जणांनी कापलेली असायची.

पाहणीला येणारा अंमलदार बॅल्डरेड आंधळा नव्हता. पण दिवसाला तीन गावं उरकायची, तीही म्हाताऱ्या घोड्यावरून. यादी भरलेली असली की त्याचं पोट भरल्यासारखं व्हायचं. "स्टेनीबर्नसारखं गाव नाही," असं तो ब्लेकहिलला जाऊन सांगायचा, आणि ब्लेकहिलचे लोक जमिनीकडे बघायचे.

सहा वर्षं जोनेटनं अशी काढली. गावात तिच्याइतकी कोरडी पीट कुणाची नव्हती, तिच्या गोठ्याची भिंत सगळ्यात सरळ होती. विधवा बाईला आणखी काय हवं, असं गाव म्हणे. आणखी काय हवं ते जोनेटला माहीत होतं. गेल्या सुगीनंतर तिनं निनियनशी लग्न केलं.

निनियन छपरं शाकारायचा. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि हातात असं कसब की त्याच्या छपराखाली झोपलेल्या माणसाला पाऊस पडून गेल्याचं सकाळी कळे. घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कोपऱ्यातला परशू उचलला, तोलून पाहिला आणि खूश झाला. रँकिनच्या परशूचा असा उपयोग रँकिनलाही सुचला नसता. शिडीवरून आकड्यानं खालची पेंढी उचलायची, जुनं कुजलेलं गवत आकडा घालून एका हिसक्यात उपसायचं आणि मग त्या लांब पात्यानं वळचण एका सरळ रेषेत छाटायची. तो परशूला रोज धार लावायचा. लढाईत होती त्यापेक्षा त्याला आता जास्त धार होती.

वसंतातल्या पाहणीला तो आपलं शाकारणीचं दाताळं घेऊन निघाला होता. जोनेटनं त्याला दारातच अडवलं.

"हे काय?"

"हत्यार."

"हे हत्यार? माझा परशू मिरवत आठ जण जातील आणि माझा नवरा ब्लेकहिलवाल्यांसारखा दाताळं घेऊन उभा राहील?"

"मेंढा देऊ की. एक मेंढा काय मोठा?"

"मेंढ्याचं नाही रे. माझ्या तोंडाकडे बघ आणि सांग, मी खाली मान घालून उभी राहू?"

निनियननं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दाताळं भिंतीला टेकवून ठेवलं. त्याचा नंबर तिनं मुद्दामच शेवटी लावला. परशू परत घरी आणायला घरचाच माणूस असलेला बरा. मागे एकदा कुडीनं शेवटी नेला होता आणि त्यानं दोन दिवस ओंडके फोडले होते. अशी नववी नोंद झाली, तीही जोनेटच्या हट्टानं.

मग आली जूनमधली पाहणी. सगळं नेहमीसारखं सुरळीत झालं. आठ शपथा झाल्या, आठ प्रार्थना झाल्या. नववा निनियन पुढे आला, शपथ घेतली आणि वळसा घालायला निघाला.

"थांब," बॅल्डरेड म्हणाला. "आज कुणी जायचं नाही."

त्याच्याबरोबर आज दोन स्वार होते आणि एक गाडा होता. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, पण शेजारच्या गावात काही पोहोचवायचं असेल असं समजून सोडून दिलं होतं. बॅल्डरेडनं कागद उलगडला आणि घसा साफ केला.

"सरदारांनी दक्षिणेतल्या किल्ल्याला वेढा घातलाय. त्यांना परशूवाले हवेत. कुणाच्या गावात किती ते विचारलं. मी काय सांगणार? स्टेनीबर्नचं नाव मी पहिलं सांगितलं. नऊ जण, नऊ उत्तम परशू. सरदार तर खूश झाले. चला, रांगेत उभे राहा. परशू खांद्यावर."

"आणि ब्लेकहिल?" हॉबनं बारीक आवाजात विचारलं.

"ब्लेकहिलच्या दाताळ्यांचं सरदार काय करणार? ते राहतील घरी गवत गोळा करत."

गवताच्या गोष्टीवर त्या दिवशी कुणी हसलं नाही. नऊ जण रांगेत उभे राहिले. शेवटच्याच्या खांद्यावर परशू होता. बाकीच्या आठांनी हात कुठे ठेवावेत ते न कळून टोप्या काढून हातात धरल्या.

बॅल्डरेडनं रांग इकडून तिकडे पाहिली, तिकडून इकडे पाहिली. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. सहा वर्षांच्या सगळ्या याद्यांवर त्याचीच सही होती.

भिंतीआडून जोनेट टोपलीसकट धावत पुढे आली. हात काजळीनं भरलेले. झाकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"साहेब, परशू माझा आहे! याचा नाही. हा नुसता शाकारणीवाला आहे. आणि आत्ता, या घटकेला, या आठांनी ग्रंथावर हात ठेवून शपथा घेतल्यात. विचारा पाद्रीबाबांना! परशू माझा, परशू माझा, असं प्रत्येक जण म्हणालाय. हॉब, तू सगळ्यात आधी म्हणालास. मग घे ना! आठांनी काड्या ओढा आणि ज्याची निघेल त्यानं जा."

"हॉब," बॅल्डरेडनं विचारलं, "परशू कुणाचा?"

हॉबनं ग्रंथाकडे पाहिलं, जोनेटकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

"निनियनचा, साहेब. खोटं कशाला बोलू?"

"कुडी?"

"निनियनचाच. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

मग रांगेत एकेकानं तेच सांगितलं. स्टेनीबर्नच्या पाहणीत आठ माणसं लागोपाठ खरं बोलण्याची ही पहिलीच वेळ. पाद्रीबाबांनी आभाळाकडे बघायचं सोडून एकदाचं त्यांच्याकडे पाहिलं.

"माझा आहे तो!" जोनेट ओरडली. "रँकिनच्या मागं मला मिळालाय."

"मिळाला असेल," बॅल्डरेड म्हणाला. आता त्याच्या तोंडावर थोडा रंग परत यायला लागला होता. "पण बाई, तू लग्न केलंस. लग्न झालं की बायकोच्या वस्तू नवऱ्याच्या होतात. विधवाच राहिली असतीस तर परशूला मालकीण असती आणि मालकिणीला लढाईला नेता येत नाही. मग मी काय करू शकलो असतो?"

सहा वर्षं जोनेट बुद्धीनं जगली होती आणि दोनदाच मनाचं ऐकलं होतं, एकदा लग्न करताना आणि एकदा ते दाताळं खाली ठेवायला लावताना.

बॅल्डरेडनं आपला मार्ग काढला. लिहितालिहिता तो मोठ्यानं वाचत होता. आठ परशू वापरून निकामी झाल्याचं आढळलं, दंड माणशी एक मेंढा. एक परशू उत्तम. "मात्र," तो म्हणाला, "ज्याला चालवता येत नाही तो नेऊन मी सरदारांपुढं आणखी तोंडघशी पडणार नाही. याला येत नसेल तर याचाही मेंढा घेतो आणि स्टेनीबर्नचं नाव खोडतो. काढा रे तो पुतळा."

स्वारांनी गाड्यातून एक बुजगावणं काढलं, पेंढा भरलेलं. गळ्यात चामड्याचा पट्टा, हातात दोरीचा लगाम. ते त्यांनी लाकडी घोडीवर नीट बसवलं.

जोनेट निनियनच्या इतकी जवळ गेली की कपाळ त्याच्या खांद्याला लागलं.

"चुकव," ती पुटपुटली. "ऐकतोयस ना? तीनदा मार आणि तीनदा चुकव. पडलास तर आणखी बरं. एक मेंढा जाईल. दहा जाऊ दे. माझ्यासाठी चुकव."

"चुकवतो," निनियन म्हणाला, आणि त्याला ते खरंच करायचं होतं. त्याला लढाई नको होती. चर्चच्या उत्तरेकडच्या छपराचं काम अर्धं राहिलं होतं.

तो पुढे गेला. परशू उचलला आणि मुद्दाम वेडावाकडा फिरवला. पातं पुतळ्यापासून हातभर लांबून गेलं. मागून स्वार फिसकन हसले. जोनेटनं श्वास सोडला. बॅल्डरेडनं दौतीत लेखणी बुडवली.

दुसऱ्या वेळी निनियन जरा जवळ गेला आणि त्याची नजर पुतळ्यावर पडली. नुसती पडली नाही, तिथेच अडकली. पेंढा ओला होता. कुणीतरी काड्यांची बुडाकडची बाजू आणि शेंड्याकडची बाजू एकत्रच कोंबली होती. मानेपाशी पेंढ्याची एक जुडी बाहेर लोंबत होती, छाती एका बाजूला फुगली होती, आणि हे सगळं बांधलं होतं ते इतकं सैल की बघणाऱ्याला लाज वाटावी. निनियनच्या कपाळाला आठी पडली. जोनेटला ती आठी ओळखीची होती. दुसऱ्यानं शाकारलेल्या छपराखालून जाताना ती पडायची.

"नको," ती म्हणाली. पण निनियनचं तिकडे लक्षच नव्हतं.

पात्याचं टोक पुढे गेलं आणि मध्ये लोंबणारी लगामाची दोरी खटकन तुटली, कारण ती आड येत होती. आकडा मानेच्या पट्ट्यात गेला, निनियननं अंग मागे टाकलं आणि पुतळा घोडीवरून एका हिसक्यात खाली आला, जसं छपरावरचं कुजलेलं गवत येतं. मग वरून एकच घाव. बाहेर लोंबणारी ती जुडी एका रेषेत कापली गेली, आणि तिच्याबरोबर पुतळ्याचं डोकंही. निनियननं पाय ठेवून पातं ओढून काढलं, वाकून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग त्याला जागेची शुद्ध आली.

माळावर कुणी हसत नव्हतं. दोन स्वारांपैकी मोठा म्हणाला, "आईशपथ! हा कुठं लढलाय?"

"एकच आहे," बॅल्डरेड घाईघाईनं लिहीत म्हणाला, "पण नऊंच्या तोडीचा."

निघायला त्यांना फार वेळ लागला नाही. ओटच्या भाकऱ्या, जाडी घोंगडी, एक सुरा. जोनेटनं बांधाबांध केली आणि रागाच्या भरात ती घोंगडी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"मी चुकवणारच होतो गं," निनियन म्हणाला. "पहिला चुकवलाही. पण ती बांधणी..."

"कळलं मला."

"ओला पेंढा कुणी भरतं का?"

"मूर्ख आहेस तू," जोनेट म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. रँकिनच्या वेळी ती रडली नव्हती. तेव्हा तिला वाटलं होतं की लढाईला जाणारी माणसं परत येतात.

अंगणात आठही जण निरोप द्यायला जमले होते. काळजी करू नकोस, वहिनीचं सगळं आम्ही बघू, असं हॉब म्हणत होता. निनियननं परशू खांद्यावर टाकला. दांडा जरासा फिरला आणि आठही जण झटकन मागे सरकले. चारी बाजूंनी चार हात जागा मोकळी झाली आणि तिच्या मधोमध निनियन एकटा उभा राहिला. रँकिन ऐटीत काय सांगत होता ते जोनेटला त्या वेळी समजलं.

सुगी संपता संपता एक स्वार परशू घेऊन आला. हाच तो मोठा स्वार, ज्यानं माळावर 'आईशपथ' म्हटलं होतं. तो उतरला, टोपी काढली आणि जे होतं ते सरळ सांगितलं. लढाई झालीच नव्हती. किल्ल्यातून एकही घोडेस्वार बाहेर आला नाही. पावसानं तोफांची दारू भिजायला लागली, तेव्हा सरदारांनी विचारलं, कुणाला छप्पर शाकारता येतं का? निनियन पुढे आला. चार दिवसांत त्यानं असं छप्पर घातलं की सरदार स्वतः बघायला आले. पाचव्या दिवशी तो वर बसून वळचण सारखी करत होता आणि किल्ल्यावरून एक दगड आला. कुणावर नेम धरलेला नव्हता, असाच आला.

"परशू खाली टेकवलेला होता," स्वार म्हणाला. "वळचणीला तो तिथलंच एक दाताळं वापरत होता. म्हणाला, परशू चांगला आहे, पण घरचा आहे, ओला नको व्हायला."

जोनेटनं परशू हातात घेतला. पात्यावर एक ओरखडा नव्हता. दोन नवरे या परशूपायी गेले आणि दोन्ही वेळा तो मात्र धडधाकट घरी आला. तिला तो विहिरीत फेकावासा वाटला. फेकला नाही, कोपऱ्यात ठेवला, कारण तो निनियननं पुसून ठेवलेला होता.

आठवड्यानं पाऊस लागला. घराच्या पश्चिमेच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागलं. घर शाकारताना निनियन तिथवर पोहोचला नव्हता. त्या दिवशी आठही जण आले. शब्द दिला होता ना! पेंढ्या आणल्या होत्या, शिडी आणली होती. छप्पर शाकारणं मात्र एकालाही येत नव्हतं. ते अंगणात उभे राहून एकमेकांना सूचना देत होते.

"वहिनी, तू आत जा, भिजशील," हॉब म्हणाला. "आम्ही करतो बघ सगळं."

जोनेट आत गेली आणि परशू घेऊन बाहेर आली. तिनं तो दोन्ही हातांनी आडवा पुढे धरला.

"हॉब, सहा वर्षं तू ग्रंथावर हात ठेवून सांगितलंस, हा तुझा. घे. कुडी, तुझा पण आहे. कुणाचाही आहे. पुढची पाहणी आलीच आहे. ज्याचा असेल त्यानं न्या. बदल्यात मला एका दिवसाचं काम नको. काहीच नको."

कुडीनं टोपीतलं पाणी झटकलं. जोनेट एक पाऊल पुढे आली आणि आठही जण मागे सरले, बरोबर चार हात. शिकवलं नसताना माणसांना हे एवढं कसं नीट जमतं, याचं तिला नवल वाटलं.

मग तिनं परशू फिरवला, आकडा एका पेंढीत घातला, पेंढी खांद्यावर घेतली आणि शिडी चढू लागली. वर बसून तिनं कुजकं गवत हिसक्यानं उपसलं, नवी पेंढी बसवली आणि पात्यानं वळचण छाटली. रेषा वाकडी आली. तिनं पुन्हा छाटली.

"पेंढी द्या," ती वरून म्हणाली.

खाली आठ जण पावसात उभे होते. पेंढ्या त्यांच्या पायाशी होत्या, आणि शिडीपर्यंत जायला एकाचंही पाऊल उचलत नव्हतं.